लावण्याआधीची परवानगी : मुथुपेटचे तिवरवन आणि वनरोपण-मंजुरीचा इतिहास

१. प्रश्न काय आहे?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला 'मंजुरी' हा शब्द नवा नाही. साधा पूल बांधायचा झाला तरी आधी मातीची तपासणी होते, मग नकाशा, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी आणि त्यानंतर काम. पण 'झाडे लावण्यासाठी कोणाची मंजुरी लागते?' असे वर्गात विचारले की बहुतेक विद्यार्थी हसतात. झाड लावणे हे पुण्यकर्म, त्याला परवानगी कशाला, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज किती महाग पडला आहे, हे या टिपणात पाहायचे आहे. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या देशात झाडे तोडण्यावर कायद्यांचे जाळे विणले गेले. झाडे लावण्यावर मात्र फार उशिरा आणि फार तुटक नियम आले. परिणामी काही ठिकाणी गवताळ प्रदेश गेले, काही ठिकाणी गावाची गायराने गेली आणि काही ठिकाणी लावलेले झाडच संकट होऊन बसले.

मुख्य उदाहरण म्हणून आपण कावेरीच्या मुखाजवळचे मुथुपेटचे तिवरवन घेणार आहोत. कुंभकोणमहून दक्षिणेला दोन-अडीच तासांच्या प्रवासावर, तिरुवारूर जिल्ह्यात ते आहे. मराठी वाचकाला त्यात आणखी एका कारणाने रस वाटेल. तंजावरच्या मराठा राजांनी उभारलेल्या छत्रांशी या वनाचा संबंध आहे. (कुंभकोणम आणि तंजावर परिसरात आजही दक्षिणी मराठी बोलणारी घराणी आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले.)

२. तोडण्याची परवानगी : जुनी परंपरा

झाड तोडण्याआधी विचारावे, ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी सविस्तर सूचना आहेत. साग वगैरे लाकूड हुजुरातून परवानगी घेऊन तोडावे. आंबा, फणस ही झाडे उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी करू नये.

यातील तीन घटक वेगळे काढून लक्षात ठेवा : झाडाला लागणारा काळ, झाडाचा धनी, आणि धन्याची संमती. पुढच्या प्रत्येक उदाहरणात यांपैकी एकाचा तरी विसर पडलेला दिसेल.

ब्रिटिश काळात १८६५, १८७८ आणि १९२७ असे भारतीय वन अधिनियम झाले. मद्रास इलाख्याने १८८२ मध्ये स्वतःचा वन अधिनियम केला. तमिळनाडूत नाव बदलून आजही तोच लागू आहे. या सर्व कायद्यांचा रोख एकच होता. जंगल सरकारचे, तोडणी सरकारच्या परवानगीने. वनखात्याची 'कार्य आयोजना' म्हणजे वर्किंग प्लॅन याच काळात रूढ झाली. कोणता पट्टा कोणत्या वर्षी तोडायचा, किती वर्षांनी पुन्हा तोडायचा, मधल्या काळात तेथे काय उगवेल किंवा लावावे लागेल, हे तिच्यात लिहिलेले असे. म्हणजे लावणीची मंजुरी होती, पण ती खात्याने खात्यालाच द्यायची होती. त्या जमिनीवर जगणाऱ्या लोकांना विचारण्याची जागा त्या कागदात नव्हती.

३. न विचारता लावलेली झाडे

(अ) वेडी बाभूळ. १८७६ मध्ये मद्रास इलाख्यातील वनसंरक्षक ले. कर्नल बेडोम यांनी रुक्ष भागात लावण्यासाठी प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या अमेरिकी झाडाची शिफारस केली. जमैकातून बी आले आणि कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे पहिली लागवड झाली. हेतू चांगला होता. जळण मिळावे आणि उघडी जमीन झाकली जावी. तमिळमध्ये याला 'सीमै करुवेलम्' म्हणतात, आणि 'सीमै' म्हणजे विलायती. मराठीत आपण वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ म्हणतो. शेंगा गुरे खातात, बी शेणातून सर्वत्र जाते आणि खोल मुळांमुळे झाड कुठेही तग धरते. तमिळनाडूतील तलाव, ओढे आणि पडीक जमिनी या झाडाने भरून गेल्या.

पुढचा भाग अधिक शिकण्यासारखा आहे. २०१७ च्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ही झाडे काढून टाकण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी पुढे न्यायालयाने सरसकट तोडणीला स्थगिती देऊन तज्ज्ञांचे मत मागवले. कारण रामनाथपुरमसारख्या कोरड्या जिल्ह्यांत याच झाडाच्या कोळशावर अनेक कुटुंबे जगतात, आणि काढल्यानंतर त्या जागेवर काय येणार, हेही ठरलेले नव्हते. २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरण केले. लावताना न विचारलेले प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांनी, उपटताना विचारावे लागले.

(आ) निलगिरी. मराठीत युकॅलिप्टसला आपण 'निलगिरी' म्हणतो. झाड ऑस्ट्रेलियाचे, नाव तमिळनाडूतील डोंगराचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उदकमंडलमच्या वसाहतीला जळण पुरवण्यासाठी या झाडाची तेथे लागवड झाली. पुढे कातडी कमावण्याच्या सालीसाठी वॅटल आणि कारखान्यांच्या लगद्यासाठी आणखी निलगिरी लावली गेली. ही लागवड मुख्यतः गवताळ उतारांवर झाली. नीलगिरी पर्वतावर गवत आणि दऱ्यांतील शोला जंगल मिळून एक व्यवस्था आहे. पावसाचे पाणी धरून ते वर्षभर सोडण्याचे काम ती करते. तोडा समाजाच्या म्हशी त्या गवतावर चरत. नकाशावर मात्र गवताळ उतार 'झाडे नसलेली जागा' म्हणून दिसत होता.

(इ) गायरानावरचे रोपवन. १९८४ मध्ये कर्नाटक सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांच्या भागीदारीत 'कर्नाटक पल्पवुड लिमिटेड' ही कंपनी निघाली. सुमारे ३० हजार हेक्टर गावरान जमिनीवर लगद्यासाठी निलगिरी लावायची, अशी योजना होती. कागदावर ती जमीन सरकारची होती. प्रत्यक्षात तेथे गुरे चरत आणि तेथूनच जळण, चारा, पानोळा येई. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे लोकांनी 'कित्तिको-हच्चिको' म्हणजे 'उपट आणि लाव' असा सत्याग्रह केला. निलगिरीची रोपे उपटून त्यांच्या जागी उपयोगी झाडे लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले, आणि शेवटी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी गुंडाळली गेली. येथे झाडाला कोणाचाच विरोध नव्हता. कोणाच्या जमिनीवर, कोणासाठी आणि कोणाला विचारून, एवढाच वाद होता.

४. मुथुपेट : मंजूर झालेली चूक

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. कोरैयार, पामिनियार या कावेरीच्या शाखा जेथे समुद्राला मिळतात, तेथे मुथुपेटची खाजणे आणि तिवरांचे जंगल आहे. महाराष्ट्रात आपण याला कांदळवन किंवा खारफुटी म्हणतो. येथे मुख्य झाड तिवर, म्हणजे ॲव्हिसेनिया मरीना.

तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी 'छत्र' म्हणजे अन्न आणि निवारा देणारी धर्मशाळा उभारली होती. ओरत्तनाडूचे मुक्ताम्बाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. या छत्रांच्या खर्चासाठी जमिनींचे उत्पन्न लावून दिलेले असे. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य संपले, पण छत्रांची व्यवस्था चालू राहिली. मुथुपेटचे तिवरवन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९१२ पर्यंत छत्र खात्याच्या ताब्यात होते. त्यानंतरही, १९२३ ते १९३६ या काळात, वनाच्या मालाचे निम्मे उत्पन्न महसूल खात्याकडे आणि निम्मे छत्रांच्या देखभालीसाठी जात असे. १९३७ मध्ये हे वन वनखात्याकडे सोपवण्यात आले.

वनखात्याने येथे आणि उत्तरेकडील पिचावरम येथे जमिनीवरच्या जंगलांची नेहमीची पद्धत वापरली. जंगलाचे पट्टे पाडायचे आणि क्रमाने एकेक पट्टा पूर्ण तोडायचा. तोडलेला पट्टा पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा वाढेल, असे गृहीत होते. कार्य आयोजना होती आणि मंजुरीही होती. नियम मोडला असे कोणी म्हणू शकले नसते.

पण तिवराची जमीन डोंगरातल्या सागाच्या जमिनीसारखी नसते. पट्टा पूर्ण तोडल्यावर पुढील क्रम घडला :

पहिले, सावली गेल्याने चिखलावर थेट ऊन पडू लागले आणि त्यातले पाणी वेगाने उडू लागले.
दुसरे, चिखल आकसून खाली बसला. सपाट जागेत बशीसारखा खोलगट भाग तयार झाला.
तिसरे, भरतीचे पाणी त्या बशीत शिरले, पण ओहोटीबरोबर बाहेर पडेना.
चौथे, साठलेले पाणी उन्हात आटून मीठ मागे राहिले. प्रत्येक भरतीबरोबर खारटपणा वाढत गेला.
पाचवे, तिवरालाही सोसवणार नाही इतकी जमीन खारी झाली. बी रुजेना.

वरून कावेरीचे गोडे पाणीही कमी होत गेले. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये झाले, सिंचन वाढले आणि त्रिभुज प्रदेशाच्या शेवटच्या टोकाला पोहोचणारा प्रवाह घटला. अनेक वर्षे या ऱ्हासाचा दोष जळण तोडणाऱ्या गावकऱ्यांवर आणि गुरांवर टाकला जात होता. १९९० च्या दशकात चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने पिचावरममध्ये अभ्यास केला, तेव्हा मूळ कारण पट्टा-तोडणीत सापडले. म्हणजेच चूक मंजूर आराखड्यातच होती.

निदान बदलले तसा उपायही बदलला. आधीची समजूत अशी की जंगल विरळ झाले, म्हणून रोपे लावा. पण खाऱ्या बशीत कितीही रोपे लावली तरी ती मरणार होती. आधी पाण्याला येण्या-जाण्याची वाट करून देणे आवश्यक होते. त्यासाठी माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणण्यात आले. मध्ये एक मुख्य चर, त्याला दोन्ही बाजूंनी तिरकस फुटलेले उपचर, आणि मुख्य चर खाडीला जोडलेला. भरतीचे पाणी आत येते, मीठ धुते, ओहोटीला बाहेर पडते. मग चरांच्या काठावर तिवराची लागवड करायची. मुथुपेटचे मच्छीमार मासे पकडण्यासाठी असे चर पूर्वीपासून खणत आले आहेत आणि त्यांच्या काठांवर तिवर टिकून राहिलेले दिसत होते. स्थानिक रीतीतले शहाणपण येथे आराखड्याला उपयोगी पडले. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर हे काम आधी जलनिस्सारणाचे आणि मग वनीकरणाचे होते.

मंजुरीची पद्धतही बदलली. केंद्र शासनाच्या १ जून १९९० च्या परिपत्रकानंतर देशात संयुक्त वनव्यवस्थापन सुरू झाले होते. त्याच धर्तीवर येथे 'संयुक्त तिवर-व्यवस्थापन' राबवण्यात आले. त्याचे टप्पे असे होते. प्रथम गावाची पाहणी व्हायची. जंगलावर कोण कशासाठी अवलंबून आहे, हे लोकांसोबत बसून नोंदवले जाई. मग गावपातळीवर संस्था बनायची, आणि तिच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक घरातील एक पुरुष व एक स्त्री सभासद असे. त्या सभेत दरवर्षीचा सूक्ष्म आराखडा ठरायचा. चर कुठे, लागवड कुठे, गुरे कुठे बंद, जळणाची पर्यायी सोय काय, हे सर्व त्यात येई. शेवटी वनखाते, प्रतिष्ठान आणि गाव यांनी मिळून काम करायचे आणि देखभालही करायची.

याचे फळ काय? पिचावरममध्ये उपग्रह चित्रांच्या तुलनेनुसार सुमारे पंधरा वर्षांत तिवरक्षेत्र जवळजवळ ९० टक्क्यांनी वाढलेले आढळले. पण ही कथा येथे संपवली तर ती अपुरी राहील. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि मुथुपेटच्या तिवरांचे व साऱ्या भागातील नारळबागांचे मोठे नुकसान झाले. शिवाय गोड्या पाण्याचा प्रश्न गावसभेच्या हातातला नाही. तो धरणे, दोन राज्ये आणि पाणीवाटप यांच्या हातात आहे. रोपवनाची मंजुरी गावात मिळाली, तरी त्याचे पाणी कुठे तरी वर ठरत असते.

५. सुनामीनंतरचा किनारा : घाईतली मंजुरी

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर किनाऱ्यावर झाडांची भिंत उभी करण्याची मागणी जोर धरू लागली. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कडलूर किनाऱ्यावरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिवर आणि सुरूच्या मागील गावांचे नुकसान कमी झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. लगेच सुरूची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. सुरू लवकर वाढतो, वाळूत येतो, त्याची रोपे सहज मिळतात आणि त्याचे लाकूड विकले जाते.

पुढे काही संशोधकांनी त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. नुकसानीतील फरक मुख्यतः गावाची समुद्रापासूनची उंची आणि अंतर यांनी समजावून सांगता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. वाळूच्या टेकड्या स्वतःच लाट अडवतात आणि सुरू लावण्यासाठी काही ठिकाणी त्याच सपाट केल्या गेल्या, हेही दाखवण्यात आले. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पाण्याच्या रेषेपर्यंत आलेली दाट लागवड त्यांच्या वाटेत येते. सागरी किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना संरक्षण आहे, पण तेथे इमारत उभारणे जितके सहज नजरेत येते तितके रोप लावणे येत नाही.

येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. ज्या गावाने आपली माणसे गमावली, त्याला झाडांची भिंत हवी असणे स्वाभाविक आहे. मंजुरीची पद्धत मात्र नेमकी अशाच वेळी उपयोगी पडावी लागते. दुःख आणि घाई असताना 'या जागेचे रक्षण आता कोण करते आहे?' हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा.

६. कायदा लावणीपर्यंत कसा पोहोचला?

१९८० चा वन (संवर्धन) अधिनियम मुख्यतः वनजमीन इतर कामांसाठी वळवण्यावर होता. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. एक, नैसर्गिकरीत्या वाढलेली झाडे साफ करून त्या जागी पुन्हा वनीकरण करायचे असेल, तर केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागेल. दुसरी, चहा, कॉफी, मसाले, रबर, ताड-माड, तेलबिया, फळझाडे किंवा औषधी वनस्पती यांची लागवड हा 'वनेतर' वापर मानला जाईल. म्हणजे झाड लावणे हेही जंगलाचे नुकसान ठरू शकते, हे कायद्याने येथे मान्य केले.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेखेरीज जंगलात तोडणी करू नये, असा आदेश दिला. त्यामुळे कार्य आयोजनेचे महत्त्व एकदम वाढले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. अशा जंगलात काय लावायचे आणि काय राखायचे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार गावाचा होतो.

दुसऱ्या बाजूला पर्यायी वनीकरणाची व्यवस्था वाढत होती. धरण, खाण किंवा महामार्गासाठी जंगल घेतले, तर दुसरीकडे झाडे लावायची आणि त्यासाठी पैसे भरायचे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार २००६ ते २०१२ या काळात १,०३,३८१ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि वनीकरण झाले फक्त ७,२८० हेक्टरवर. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियमाने या पैशासाठी राष्ट्रीय आणि राज्य प्राधिकरणे स्थापन केली. २०१८ च्या नियमांत ग्रामसभेशी किंवा ग्राम वनव्यवस्थापन समितीशी विचारविनिमयाची तरतूद आहे. विचारविनिमय आणि संमती यांत फरक असतो. तो समजून घ्या, कारण आजचे बरेच वाद याच फरकावर उभे आहेत.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या हरित तमिळनाडू मोहिमेचे उद्दिष्ट राज्याचे हरित आच्छादन ३३ टक्क्यांपर्यंत नेण्याचे आहे. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी लागवडीची उद्दिष्टे वाढत गेली. आकडा मोठा झाला की जागा शोधण्याची घाई होते, आणि सहज सापडणारी जागा म्हणजे माळरान. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांत मोकळ्या, काटेरी झुडपांच्या गवताळ प्रदेशाचेच चित्र वारंवार दिसते. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील माळरान हे उजाड झालेले जंगल नसून शतकानुशतकांचा स्वतंत्र परिसर आहे. जुने वाङ्मय हे रोपवनाच्या मंजुरीसाठी पुरावा होऊ शकते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावे.

७. इतर देशांत काय झाले?

दक्षिण आफ्रिकेत पाइन व निलगिरीच्या लागवडीमुळे ओढे आटतात, हे मोजमापांनी सिद्ध झाल्यावर १९७२ पासून व्यापारी वनरोपणाला परवाना आवश्यक झाला. १९९८ च्या राष्ट्रीय जल अधिनियमाने अशा लागवडीला 'प्रवाह घटवणारी क्रिया' असे नाव दिले. तेथे वनरोपणाचा विचार पाण्याच्या कायद्यात होतो.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात करसवलतीमुळे श्रीमंतांनी उत्तर स्कॉटलंडच्या 'फ्लो कंट्री' या दलदली प्रदेशात सूचिपर्णी झाडे लावली. १९८८ मध्ये ती सवलत काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षी वनरोपणासाठी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे नियम आले. लावलेली झाडे नंतर पैसे खर्च करून काढावी लागली. २०२४ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा झाला. भारतात २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत वनरोपण नाही.

८. जबाबदार मंजुरीचे सहा प्रश्न

वरील इतिहासातून एक तपासणी-यादी तयार होते. तुमच्यापैकी अनेक जण उद्या रस्ते, कालवे, सौरप्रकल्प यांचे अहवाल तयार करतील आणि त्यांत 'वृक्षारोपण' असा एक परिच्छेद असेल. तो लिहिण्यापूर्वी हे प्रश्न विचारा :

१. जमीन कागदावर कोणाची आणि वापरात कोणाची? (कुसनूर) तमिळनाडूतील पोरंबोक्कु किंवा महाराष्ट्रातील गायरान 'सरकारी' असते, पण रिकामे क्वचितच असते.
२. तेथे आज काय आहे? गवत, दलदल, वाळूची टेकडी हेही परिसर आहेत. (नीलगिरी, नागपट्टिनम, माळरान)
३. पाणी कुठून येते आणि लागवडीने कोणाचे कमी होईल? (मुथुपेट, दक्षिण आफ्रिका)
४. प्रजाती येथली आहे का? नसेल, तर ती पसरली तेव्हा कोण काढणार? (वेडी बाभूळ)
५. जे लोक वापर सोडणार आहेत, त्यांची संमती घेतली की केवळ माहिती दिली? त्यांना पर्याय काय दिला?
६. रोपे लावल्यानंतर पाच-दहा वर्षे देखभाल कोण करणार, आणि जगलेली झाडे कोण मोजणार?

सहाव्या प्रश्नाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. लावलेल्या रोपांची संख्या त्याच दिवशी जाहीर होते. जगलेल्या झाडांची संख्या कळायला वर्षे लागतात, आणि तोपर्यंत अधिकारी बदललेले असतात.

९. समारोप

मंजुरी म्हणजे निव्वळ अडथळा, असे मानणारे पुष्कळ आहेत. उलट, शिक्का मिळाला की काम निर्दोष, असेही काही जण मानतात. मुथुपेटचा इतिहास दोघांनाही उत्तर देतो. तेथील पट्टा-तोडणीला मंजुरी होती, तरी जंगल गेले, कारण त्या मंजुरीत चिखल आणि मीठ यांचा विचार नव्हता आणि मच्छीमारांना काय माहीत आहे, हे कोणी विचारले नव्हते. नंतरच्या संयुक्त व्यवस्थापनात मंजुरीला अधिक वेळ लागला, सभा घ्याव्या लागल्या, चर खणावे लागले, आणि तिवर पुन्हा उभे राहिले. आज्ञापत्रातील तीन गोष्टी, म्हणजे काळ, धनी आणि संमती, लावणीलाही तितक्याच लागू पडतात. रोपाला खड्डा खणण्यापूर्वी त्या तपासणे, एवढेच जबाबदार वनरोपणाचे पहिले पाऊल आहे.

स्वाध्याय

१. मुथुपेटमध्ये पट्टा-तोडणीनंतर जमीन खारी होण्याची प्रक्रिया आकृतीसह स्पष्ट करा. माशाच्या काट्याच्या आकाराच्या चरांनी ती कशी उलटते?
२. 'विचारविनिमय' आणि 'संमती' यांतील फरक कुसनूर व मेंढा-लेखा यांच्या आधारे सांगा.
३. वेडी बाभूळ काढण्यासाठीही मंजुरीची पद्धत का हवी? दोन्ही बाजू मांडा.
४. तुमच्या महाविद्यालयाजवळील एखादी 'मोकळी' सार्वजनिक जागा निवडा. ऋतू बदलताना तिचा वापर कोण कोण करतो, याची नोंद करून वरील सहा प्रश्नांची उत्तरे लिहा.